एकटे / एकट्या

प्रश्न असा होता, "तुम्ही एकटे असताना नशा करता का?"

मूळ इंग्रजीत एवढंस्सं वाक्य, अडखळायला कुठे जागाच नाही, आणि मी नेमकी तिथेच अर्धा तास बसले. इंग्रजीत एकटा आणि एकटी एकच असतात, आपल्याकडे नसतात. 'तुम्ही' म्हणून कितीही आदराने झाकून न्या, विशेषण आलं की बाई का पुरुष ते उघडं पडतंच. शेवटी आम्ही भाषांतरवाले करतो तेच केलं, मधे तिरकी रेघ मारली, एकटे/एकट्या, आणि पुढे गेले. पण ती रेघ काही डोक्यातून जाईना.

थोडं मागून सांगते. मी आरोग्याचे फॉर्म भाषांतर करते. डिप्रेशनचे, गुडघेदुखीचे, डायबेटिसचे, 'गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा असं वाटलं' छापाचे. हा फॉर्म तुरुंगात नव्याने आलेल्या माणसाला व्यसन आहे का, किती आहे, आणि त्याला कुठला उपचार द्यायचा हे ठरवण्यासाठीचा होता. कोणाचा ते सांगत नाही, तसा करार असतो. काम असं चालतं की मी मराठी करायचं, दुसऱ्या कुणीतरी मूळ न बघता त्याचं परत इंग्रजी करायचं, तिसऱ्याने दोन्ही शेजारी ठेवून बघायचं, आणि मग ज्यांच्यासाठी फॉर्म आहे तसल्या चार-पाच जणांना एकेक प्रश्न वाचून दाखवायचा आणि विचारायचं, तुम्हाला काय कळलं यातून? हा शेवटचा भाग मला सगळ्यात आवडतो कारण तिथे आपली हुशारी उतरते.

यावेळी तुरुंगातून सुटून काही वर्षं झालेली माणसं होती, फोनवर. त्यातल्या एकीला मी हा एकटे/एकट्यावाला प्रश्न वाचला. ती लगेच म्हणाली, "नाही मॅडम, एकटी कधीच नाही. तोच टोचायचा ना मला. मला तर अजून स्वतःला टोचता पण येत नाही."

फॉर्मच्या हिशोबाने 'नाही' म्हणजे शून्य मार्क, आणि मार्क जितके कमी तितकं व्यसन सौम्य. पुरुषांच्या बाजूने बघितलं तर प्रश्न चुकीचा नाहीच, एकट्याने टोचणाऱ्याला डोस जास्त झाला तर उठवायला शेजारी कोणी नसतं, धोका खराच आहे. पण हिचं काय? सुई तिच्या हातात नाही, किती घ्यायचं ते तिच्या हातात नाही, आणि जोडीदार टोचून देतो तिथे बहुतेक वेळा आधी त्याचं आणि मग त्याच सुईने तिचं असा क्रम असतो, म्हणजे हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही तिच्याकडे दुसऱ्या नंबरने येणार. वर नशा सोडायची तर आधी तो माणूस सोडायला लागणार. हे सगळं त्या शून्यात बसलं होतं.

मग मी वाचायला लागले, जे खरं तर माझं काम नाही, मला शब्दामागे पैसे मिळतात.

पहिला धक्का आकड्यांचा. २०१७ मधे जगभरच्या २४ अभ्यासांचे आकडे एकत्र करून एक पेपर आला होता, १० देश, साधारण १८ हजार कैदी. तुरुंगात येताना ड्रग्जच्या व्यसनाचा आजार असलेले पुरुष ३० टक्के निघाले आणि बायका ५१ टक्के. निम्म्याहून जास्त. मला वाटलं उलट वाचलं की काय, कारण आपल्या डोक्यातला नशेबाज पुरुषच असतो, भाषेतसुद्धा. गर्दुल्ला म्हणतो आपण, त्याचं स्त्रीलिंग मी तरी कधी ऐकलेलं नाही. बेवड्याचं बेवडी करता येतं पण ती शिवी होते, आणि ती शिवी दारूपेक्षा तिच्या चालचलनावर जास्त असते. 'कैदी' म्हटलं तरी पुरुषच डोळ्यासमोर येतो, बाई असेल तर 'महिला कैदी' असं पुढे जोडायला लागतं.

तर या ५१ चा अर्थ बायका जास्त व्यसनी असतात असा नाही. तुरुंगाबाहेर ड्रग्ज घेणाऱ्यांत पुरुषच जास्त आहेत. फरक पडतो तो तुरुंगाच्या दाराशी, कोण कशासाठी आत येतं त्यात. जगात तुरुंगातल्या माणसांत बायका साधारण ७ टक्के, पण युनोच्या आकड्यांप्रमाणे आत असलेल्या बायकांपैकी ३५ टक्क्यांच्या आसपास ड्रग्जच्या गुन्ह्यांसाठी आत आहेत आणि पुरुषांपैकी १९. पुरुष मारामारी, दरोडा, खून, फसवणूक अशा शंभर वाटांनी आत येतात. बाईची आत यायची वाट बहुतेक वेळा नशेच्या गल्लीतूनच जाते, स्वतः घेत होती म्हणून, त्यासाठी चोरी केली म्हणून, किंवा दुसऱ्याचं ड्रग्जचं पाकीट इकडून तिकडे नेलं म्हणून.

म्हणजे गरज दाट पण डोकी कमी. आणि कारभार चालतो डोक्यांवर. बाराजणांचा ग्रुप जमल्याशिवाय थेरपी सुरू होत नाही आणि बायकांच्या बराकीत बारा जमेपर्यंत आधीच्या चार सुटलेल्या असतात, कारण त्यांच्या शिक्षाही बऱ्याचदा छोट्या असतात. मग पुरुषांसाठी केलेला कार्यक्रमच उचलून, पुस्तिकेवरचा फोटो बदलून, बायकांना लावला जातो. फोटो बदलला म्हणजे झालं!

हे फॉर्मच्या बाबतीतही आहे. व्यसनाच्या क्षेत्रात एक प्रसिद्ध प्रश्नावली आहे, अ‍ॅडिक्शन सिव्हिरिटी इंडेक्स, जगभर वापरली जाते, कितीतरी भाषांत गेलेली. १९८० मधे ती आली तेव्हा तपासून बघितली होती ५२४ जणांवर, सगळे अमेरिकेतले माजी सैनिक, सगळे पुरुष. कोणाचा वाईट हेतू नव्हता हो, माजी सैनिकांच्या हॉस्पिटलमधे काम करणारे लोक होते, समोर जे आले त्यांना मोजलं. कुणी मारलं का, लैंगिक जबरदस्ती झाली का, हे प्रश्न त्यात नंतरच्या आवृत्तीत आले. मला यात राग येण्यापेक्षा ओळखीचं वाटलं, मापं घेताना जो समोर उभा असतो त्याच्याच मापाचा सदरा शिवला जातो.

शरीराचं तर वेगळंच प्रकरण आहे. दारू घ्या. बाईच्या अंगात पाण्याचं प्रमाण कमी, पोटातच दारू मोडणारं एन्झाइम कमी, त्यामुळे तेवढ्याच पेल्याने रक्तात जास्त चढते. पहिल्या घोटापासून पूर्ण आहारी जाईपर्यंतचा काळ बायकांमधे बऱ्याचदा छोटा असतो, याला डॉक्टर लोक टेलिस्कोपिंग म्हणतात, दुर्बीण मिटवावी तसं अंतर मिटतं म्हणून. मग 'किती वर्षांपासून घेता?' या प्रश्नाला तिचं उत्तर 'तीन' येतं, त्याचं 'अकरा', आणि फॉर्म त्याला गंभीर म्हणतो, तिला नाही. अमेरिकेत १९७७ पासून मूल होऊ शकेल अशा बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून बाहेरच ठेवत होते, ते १९९३ मधे बदललं. झोपेचं एक अगदी नेहमीचं औषध आहे, झोल्पिडेम, त्याचा बायकांसाठीचा डोस निम्मा करा हे तिथल्या औषध प्रशासनाने सांगितलं २०१३ मधे, औषध बाजारात येऊन वीस वर्षं झाल्यावर. झोपेच्या गोळीची ही कथा तर बाकीच्यांचं काय बोलायचं.

आणि गरोदरपण. याबद्दल फॉर्ममधे एकच चौकट होती, 'गर्भवती: हो/नाही/लागू नाही'. आता गंमत अशी (गंमत कसली) की हेरॉइनसारख्या ओपिऑइड्समुळे, म्हणजे अफूच्या जातीच्या ड्रग्जमुळे, पाळी अनियमित होते, कित्येकींची बंदच होते. त्यामुळे पाळी चुकली हे कळायला मुळात पाळी असायला लागते. आत आल्यावर नशा तुटते, मळमळ, उलट्या, अंग दुखणं सुरू होतं, सगळे म्हणतात तुटतंय म्हणून होतंय, तीही तेच म्हणते, आणि त्याखाली तिसरा महिना चालू असतो. चौकटीत 'नाही' वर टिक. बरं, गरोदर बाईचं ओपिऑइड एकदम तोडू नये, मेथाडोन किंवा बुप्रेनॉर्फिन या त्याच्या जागी डॉक्टर देतात त्या औषधांवर तिला स्थिर ठेवावं हे डॉक्टरांचं साधं, सर्वमान्य मत आहे. पण तुरुंगाच्या मनात उपचार म्हणजे 'बंद करा', आणि तिच्या बाबतीत ते दोन जिवांवर चालतं. त्यात शेवटच्या महिन्यांत शरीरातलं रक्त-पाणी वाढतं, औषध लवकर मोडतं, तोच डोस पुरत नाही. ती म्हणते कमी पडतंय, वाढवा. खिडकीतून गोळी देणाऱ्याला हे वाक्य शंभर वेळा ऐकून माहीत असतं, सगळेच म्हणतात वाढवा. यावेळी ते खरं असतं.

अजून एक, हे मला कोणी सांगितलं नसतं तर सुचलंच नसतं. मेथाडोनवर स्थिरावली की पाळी परत येते, म्हणजे मूल राहायची शक्यताही परत येते, आणि वर्षानुवर्षं 'मला काही होत नाही' हे गृहीत धरलेल्या बाईला हे सांगायला कोणीतरी हवं. पुरुषांच्या उपचारात हे पान नसणारच, आणि उचललेला कार्यक्रम त्यांचाच असेल तर तिच्याही नसतं.

फॉर्ममधला सगळ्यात अवघड भाग अत्याचाराचा होता. अमेरिकेत १९९९ मधे सरकारी आकडे आले होते, राज्यांच्या तुरुंगातल्या ५७ टक्के बायकांनी सांगितलं की आत येण्याआधी आपल्यावर शारीरिक किंवा लैंगिक अत्याचार झाला होता. पुरुष १६ टक्के. ५७ टक्क्यांत नशा हा शौक कुठून राहणार, ते औषधच असतं, चुकीचं असेल पण औषध, रात्री डोळे मिटले की जे दिसतं ते न दिसण्याचं. ते काढून घेतलं की ते सगळं परत दिसायला लागतं, आणि तेही बंद दाराच्या खोलीत, जिथे बाहेरून पावलांचा आवाज येतो. मग 'आधी सहा महिने क्लीन राहा, मग तुझ्या भूतकाळावर बोलू' हा क्रम तिथे टिकत नाही, दोन्ही बरोबरच घ्यायला लागतं.

जुन्या पद्धतीत तर बरोब्बर उलटं होतं. १९५८ मधे कॅलिफोर्नियात सिनानॉन नावाची व्यसनी माणसांची वसाहत सुरू झाली, तिथे गोल करून बसायचं आणि एकाला मधे घेऊन बाकीच्यांनी त्याला शब्दांनी सोलून काढायचं, त्याच्या सबबी, त्याचा खोटेपणा, त्याची मिजास. त्याच वळणाची केंद्रं पुढे तुरुंगांतही आली. छाती फुगवून 'मला काही प्रॉब्लेम नाही' म्हणणाऱ्या काही पुरुषांना कदाचित याने फरक पडलाही असेल, मला माहीत नाही, मला ते त्यांच्यासाठीही पटत नाही. पण जिला लहानपणापासून घरातल्या घरात गोल करून हेच ऐकवलं गेलंय, तिची मिजास काय उतरवणार तुम्ही?

तिने, त्या फोनवरच्या बाईने, मला थेरपीबद्दल फारसं काही सांगितलं नाही. सांगितलं ते लघवीच्या टेस्टबद्दल. उपचारावर असलेल्यांची टेस्ट होते, आणि डबीत दुसऱ्याची लघवी भरू नये म्हणून समोर कोणीतरी उभं राहून बघतं. बघणारी बाईच होती, नियमाने होती, तिने काही वाईट वागणूक दिली असंही नाही. "पण मॅडम, कपडे खाली करून कोणीतरी बघतंय, आणि मी हलू शकत नाही. मी उपचारातून नावच काढून घेतलं." कागदावर काय लागलं असेल? 'उपचारास असहकार्य' लागलं असेल. लाळेवर टेस्ट होते हो, प्रत्येक वेळी नाही पण होते.

'तुम्हाला व्यसनासाठी उपचार हवा आहे का?' या प्रश्नावरही ती गप्प झाली होती. मला वाटलं माझी वाक्यरचना चुकली. तसं नव्हतं. ती विचारत होती की हे कोण वाचणार. "हो म्हटलं की नोंद होते. नोंद झाली की मुलं जातात." तिच्या दृष्टीने हा प्रश्न उपचाराचा नव्हताच, मुलांच्या ताब्याचा होता, आणि तिने तेव्हा दिलेलं उत्तर अर्थातच 'नको'. जगभर ड्रग्ज घेणाऱ्यांत दर तिघांत एक बाई आणि उपचार घेणाऱ्यांत दर पाचांत एक, असं आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रण मंडळाने २०१६ च्या अहवालात म्हटलंय. मधल्या बायका कुठे जातात त्याचं थोडं उत्तर मला त्या गप्प बसण्यात मिळालं.

आता एका पुरुषाबद्दल सांगते, कारण त्याच्यामुळे माझं सगळं छान जमत आलेलं पुन्हा विस्कटलं. बायकांच्या फॉर्मला एक जास्तीचं पान होतं, मुलं आणि अत्याचार यांच्यावरचं. माझ्याकडून दोन्ही फाइलींत घोळ झाला आणि त्याच्याशी बोलताना मी तेच पान वाचलं. मुलं किती? दोन. त्यांच्याकडे कोण बघतं? "त्यांची आई." पटकन, विचारसुद्धा न करता, जसं काही हा प्रश्न असूच शकत नाही. बाईला हाच प्रश्न विचारल्यावर पाच मिनिटं लागली होती, एक मावशीकडे, एक संस्थेत, एक कुठे ते नक्की माहीत नाही. इथपर्यंत ठीक, माझा मुद्दा पक्काच होत होता. मग पुढचा प्रश्न वाचला गेला, लहानपणी कोणी तुमच्या मनाविरुद्ध... आणि माझ्या लक्षात आलं की हा त्याच्या फॉर्ममधे नाहीये. मी सॉरी म्हणणार होते. तो म्हणाला, "विचारा ना. एवढी वर्षं आत होतो, हे कोणी विचारलंच नाही."

त्याने पुढे जे सांगितलं ते इथे लिहिणार नाही. पण ते १६ टक्के आता मला आहेत तेवढे वाटत नाहीत. पुरुषांना दारू, राग, मारामारी याबद्दल पानंच्या पानं विचारतात, ती विचारायलाच हवीत. हे मात्र 'बायकांचं पान' म्हणून वेगळं काढून ठेवलंय. गरजा वेगळ्या आहेत हे मी मानतेच, वर एवढं लिहिलं ते त्यासाठीच, पण पान फाडताना रेघ कुठे मारायची हे इतकं सोपं नाही.

नियम नाहीत असंही नाही. कैद्यांना कसं वागवावं याचे युनोचे किमान नियम १९५५ चे. बायकांचा वेगळा विचार करणारे बँकॉक नियम आले २०१० मधे, मधे पंचावन्न वर्षं. ७० नियम आहेत. १५ व्या नियमात स्पष्ट लिहिलंय की व्यसन असलेल्या बायकांसाठी तुरुंगात खास उपचार असावेत आणि ते ठरवताना तिच्यावर आधी झालेला अत्याचार, गरोदरपण, बरोबर असलेली मुलं याचा विचार व्हावा. २४ वा सांगतो बाळंतपणाच्या वेळी बेड्या घालू नका. जे सांगावं लागलं त्यावरून काय चालत असेल ते समजा. बंधनकारक मात्र यातलं काहीच नाही.

शेवटचा प्रश्न फॉर्मच्या शेवटच्या पानावर होता, सुटकेच्या तयारीचा. हा भाग खरं तर पहिला हवा. आत महिनोन्महिने नशा नाही म्हणून शरीराची सवय गेलेली असते, बाहेर येऊन माणूस जुना डोस घेतो आणि तिथेच संपतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या ३० हजार कैद्यांचा अभ्यास २००७ मधे छापून आला, पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरायचा धोका बाहेरच्या लोकांच्या १२९ पट. इंग्लंड आणि वेल्समधे १९९८ ते २००० मधे सुटलेल्यांचं बघितलं, पहिल्या वर्षात ३४२ पुरुष गेले, एरवीच्या हिशोबाने साधारण ४६ जायला हवे होते. बायका गेल्या १००, हिशोबाने जायला हव्या होत्या आठ. आणि हे टाळता येतं हेही माहीत आहे. ऱ्होड आयलंड नावाच्या छोट्या अमेरिकन राज्याने २०१६ मधे सगळ्या तुरुंगांत व्यसनावरची औषधं द्यायला आणि सुटल्यावर ती चालू ठेवायला सुरुवात केली, तुरुंगातून सुटलेल्यांचे ओव्हरडोसचे मृत्यू ६१ टक्क्यांनी उतरले.

तर तो प्रश्न: 'सुटकेच्या दिवशी तुम्हाला घ्यायला कोणी येणार आहे का?' हो/नाही. 'हो' ला दोन मार्क, कौटुंबिक आधार या खाली, इथे मार्क जास्त तितकं चांगलं.

त्या माणसाने सांगितलं, आई आली होती. स्वच्छ कपडे घेऊन. तिथेच गेटजवळ बदलायला लावले.

तिला विचारलं. "हो, आला होता ना," ती म्हणाली. मी विचारलं कोण? "कोण काय मॅडम, तोच. टोचायचा तो. खिशात घेऊनच आला होता."

दोन मार्क.

मी फॉर्म परत पाठवताना कॉमेंटच्या रकान्यात लांबलचक लिहिलं, या प्रश्नाला 'कोण येणार' हे जोडा, एकटे/एकट्या प्रश्नाचे मार्क बायकांसाठी असेच धरू नका, अत्याचाराचं पान दोन्ही फॉर्ममधे ठेवा. पाच दिवसांनी उत्तर आलं. मूळ फॉर्मच्या रचनेत भाषांतराच्या टप्प्यावर बदल करता येत नाहीत, सूचनांची नोंद घेतली आहे, आणि एक शंका, प्रश्न १४ मधली तिरकी रेघ छपाईत नीट दिसत नाहीये, त्याऐवजी नुसतं 'एकटे' चालेल का?

मी लिहिलं, चालणार नाही.